साबुदाण्याच्या डब्यातलं पाकीट

घट बसले त्या सकाळी रंगूबाईंनी सुनेच्या कपाळाला कुंकू लावलं आणि बोट तिथंच क्षणभर टेकवून ठेवलं.

"तुझे उपास फलाला आले गो बाय," त्या म्हणाल्या. "पाचव्या माळेला वज्रेश्वरीला जाव. मी देवीला बोललेली हाय, पोर्‍या झाला तर चांदीचा पालना घालीन."

 विनितानं वाकून सासूबाईंच्या पाया पडून घेतलं, समईतली वात पुढं सारली आणि स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मागच्या भिंतीपलीकडे गुलाम हुसेनचे कापड विणायचे लूम चालू होते. त्यांच्या खटखटीत माणसानं जरासा हुंदका दिला तरी बाहेर ऐकू जात नाही, हे या घरात लग्न होऊन आल्यावर तिला पहिल्या वर्षातच समजलं होतं.

दिवस गेल्याचं तिच्याआधी रंगूबाईंना कळलं होतं. या घरात बायकांनी चार दिवस बाजूला बसायची रीत अजून पाळली जायची. फार कडक नाही. देवघरात जायचं नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, मागच्या खोलीत झोपायचं, एवढंच. पण त्यामुळे सुनेची तारीख सासूला तोंडपाठ. विनिता श्रावण लागता लागता बसली होती, ती शेवटची. गणपतीत मोदक तिनंच वळले, गौरी तिनंच आणल्या, पितरांचा स्वयंपाकही तिनंच केला. रंगूबाई गप्प राहून बोटं मोजत होत्या. मग त्यांनीच मुलाला, कुणालला, मेडिकलमधून तपासणीची पट्टी आणायला लावली.

दोन लाल रेघा बघून त्या देवघरात गेल्या आणि विनिता मोरीत गेली.

चार वर्षांपूर्वी धाकट्या लेकीच्या, ओवीच्या वेळेला विनिता जवळजवळ गेलीच होती. पूर्वा पहिली, तीही सिझरची. ओवीच्या वेळी पोट दुसऱ्यांदा फाडलं आणि रक्त थांबेना. आठ बाटल्या लागल्या. डॉक्टरीणबाई बाहेर येऊन विचारत होत्या, आत्ताच मूल बंद व्हायचं ऑपरेशन करून टाकू का, पुढचं बाळंतपण हिला झेपणार नाही. विनिता गुंगीत होती. उत्तर रंगूबाईंनी दिलं: दुसरी पण पोरगीच हाय, आता नको. हे विनिताला कितीतरी महिन्यांनी कुणालनं बोलता बोलता सांगितलं, गॅसचा नंबर लावला का असं विचारावं तितक्या सहज.

तेव्हापासून तिनं उपवास वाढवले. सोमवार होताच, त्यात संकष्टी आली, एकादशी आली, श्रावणात जिवतीचे शुक्रवार आले. जिवतीचा कागद भिंतीला लावून ती लेकरांसाठी मागायची, पण मनात मात्र म्हणायची, माझ्या या दोघींना आई राहू दे. एवढंच.

आणि ज्येष्ठापासून ती गोळ्या घेत होती.

*

गोळ्या दिल्या होत्या जैनबनं. जैनब गुलाम हुसेनची बायको, मागच्या गल्लीतच राहायची आणि वस्तीत आशा वर्करचं काम करायची. इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, मराठी विनितापेक्षा खणखणीत. ओवीच्या लसींपासून दोघींचं जमलं होतं. गोळ्यांचं पाकीट तिनं वहीत घालून आणलं होतं.

"रोज एक. वेळ एकच ठेव. चुकवायची नाही," ती म्हणाली होती.

ठेवायचं कुठं, हा मोठा प्रश्न होता. कपाटाची किल्ली रंगूबाईंच्या कनवटीला. शेवटी विनितानं साबुदाण्याचा डबा काढला. रंगूबाईंना साखरेचा आजार, त्या साबुदाणा खात नसत, त्यामुळे त्या डब्याला हात फक्त तिचा. पाकीट साबुदाण्यात खोल खुपसून तिनं झाकण लावलं.

आज दुपारी जैनब मागच्या दारानं आली. रंगूबाई हळदीकुंकवाला शेजारी गेल्या होत्या.

"खरं आहे?" तिनं विचारलं.

विनितानं मान हलवली.

"कसं काय पण? तू गोळी घेत होतीस ना? रोज?"

"रोज," विनिता म्हणाली. "उपवास सोडून."

जैनब पाटावर बसली होती ती पुढं सरकली. मग अगदी हळू म्हणाली, "उपवास सोडून म्हणजे?"

विनितानं डबा काढला, साबुदाणा बाजूला सारला, पाकीट तिच्या हातात दिलं. श्रावणात घेतलेलं पाकीट. त्यात अकरा गोळ्या उरलेल्या होत्या.

"उपवासाच्या दिवशी साबुदाणा काढायला डबा उघडायची, तेव्हा दिसायचं," ती म्हणाली. "म्हणायची, आज नको. आज देवाचा दिवस. दुसऱ्या दिवशी घ्यायची. मला वाटायचं, पाकीट पुरतंय, बरंच आहे."

"मी विचारलं होतं तुला, पाकीट संपलं नाही का. तू म्हणालीस, आहेत अजून."

"होत्याच ना."

जैनबनं पाकीट परत दिलं आणि ओढणीनं डोळे पुसले. रागानं की कशानं, ते विनिताला कळलं नाही.

"आमच्या बायकांना मी रमझानच्या आधी घरोघरी जाऊन सांगते," ती म्हणाली. "पहाटे सहरीला घ्या, नाहीतर रोजा सोडल्यावर घ्या, पण सोडू नका. आणि तू आठवड्यातून तीन-तीन दिवस उपाशी असतेस, ते मी रोज बघते. तुला सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. मला माफ कर बाई."

"तुझी काय चूक."

"तुझ्या सासूबाई उपवासाला साखरेची गोळी घेतात ना? तूच देतेस."

"त्यांची आजाराची आहे," विनिता म्हणाली. "माझी चोरीची."

 जैनब बोटांवर आठवडे मोजायला लागली. नऊ आठवडे पाचव्या माळेला भरत होते.

"नऊपर्यंत गोळ्यांनी मोकळं होता येतं," ती म्हणाली. "त्याच्यापुढं गेलं की अवघड. परवा माझ्याबरोबर दवाखान्यात चल. आणि त्याआधी कुणालभाऊंशी बोल. एकदा तरी बोल."

*

कुणाल दुपारी जेवायला घरी यायचा. अंजूर गावची शेती गेल्या दहा वर्षांत गोडाऊनखाली गेली होती, आता त्याच्याकडे गोडाऊनच्या भाड्याची आणि दोन पिकअप गाड्यांची व्यवस्था असायची. एका हातानं घास, एका हातानं मोबाईल.

"अहो, एक ऐकाल?"

"बोल ना."

"मला हे नको आहे. मला भीती वाटते."

त्यानं मोबाईल उलटा ठेवला नाही, पण बघायचं थांबवलं. "एवढे उपवास करतेस आणि देवीवर भरवसा न्हाय?"

ते तिला लागलं. तिनं भाकरीचा तुकडा त्याच्या ताटात ठेवला आणि म्हणाली, "ओवीच्या वेळेला तुम्ही होतात ना."

"होतो. रक्तासाठी तीन ठिकाणी पळालो मी. चप्पल तुटली होती, तसाच पळालो." त्यानं भाकरी मोडली. "तेव्हा मला वाटलं होतं, गेलीस तू."

"मग?"

"मग काय. आईला कोण सांगणार."

"आत्ताचं बाजूला राहू दे. पण पुढं तरी तुम्ही ऑपरेशन करून घ्या. पुरुषांचं सोपं असतं म्हणे. दुसऱ्या दिवशी कामावर जातात."

तो हसला. "गावातल्या हिरामणनं केलंन्. पाच वर्षं झाली, अजून नाक्यावर पोरं त्याला वहिनी म्हणतात." मग मोबाईल तिच्यापुढं धरला. "हे वाच. आपले लोक दोनवर थांबतात आणि बाकीचे वाढत चाललेत. उद्या गावात आपण कुठं असू?"

"बाकीचे म्हणजे कोण हो? मागं जैनबभाभी आहे. हमजा आणि अक्सा, दोनच. आठ वर्षांपूर्वी ऑपरेशन करून मोकळी झाली. त्या मोबाईलमधल्यांपैकी कुणी येणार आहे का मला रक्त द्यायला?"

एवढं मोठं वाक्य ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. कुणालनं तिच्याकडं पाहिलं, ताटाकडं पाहिलं.

"सोमवारी गाडी सांगितलीय वज्रेश्वरीला," तो म्हणाला आणि हात धुवायला उठला.

*

तिसऱ्या माळेला विनिता जैनबबरोबर दवाखान्यात गेली. घरी सांगितलं, देवीला वेणी आणते.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी जुने कागद दोनदा वाचले. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कुणी तुम्हाला पुढं जा म्हणून सांगितलं असेल तर त्यांनी हे कागद वाचलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "दोन सिझर, मागच्या वेळी असा रक्तस्राव, आणि आताही अंगात रक्त कमी. सोमवारपर्यंत गोळ्यांनी होईल. पहिली गोळी इथं माझ्यासमोर, बाकीच्या दोन दिवसांनी, इथंच झोपवून, माझ्या देखरेखीखाली. सोमवार टळला तर भूल देऊन आतून साफ करावं लागेल, आणि तुमच्या पिशवीला हत्यार लावायची मला धास्ती वाटते."

"दसऱ्यानंतर आले तर?"

"नाही."

"घरात घट बसलेत, मॅडम."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांच्या मागं उभ्या असलेल्या वयस्कर सिस्टर म्हणाल्या, "माझ्याही घरी बसलेत. माझाही उपवास आहे. बीपीची गोळी सकाळी घेऊनच आले."

"गोळीचं नाही फक्त," विनिता म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला की जैनबला पुढं वाकावं लागलं. "नंतर अंगावर जाईल. अखंड दिवा आहे घरात. मीच लावलाय."

"नवऱ्याची सही?" जैनबनं विचारलं.

"गरज नाही. सज्ञान आहेत. सही फक्त यांची." डॉक्टरीणबाईंनी कागद पुढं सरकवला.

विनितानं पेन हातात घेतलं. नाव लिहायची जागा कोरी होती. तिला समई दिसली, परडीतली माती दिसली, मातीतून वर आलेलं पिवळट धान दिसलं. तिनं पेन खाली ठेवलं.

बाहेर बाकावर जैनब तिच्याशेजारी कितीतरी वेळ बसली. समजावलं नाही, रागावली नाही. रिक्षात बसताना एवढंच म्हणाली, "सोमवारी सकाळी मी दारात उभी राहीन. आलीस तर आलीस."

*

चौथ्या माळेला विनितानं दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही. देवीपुढं बसून ती विचारत होती, हे तू दिलंस का? माझ्या उपवासातून आलं, म्हणजे तुझंच का? मग मी तुझं नाकारू कसं? आणि तुझं नसेल, तर मला सांगत का नाहीस? समईची ज्योत जशीच्या तशी होती. पलीकडं लूम खटखटत होते.

दुपारी पूर्वाची वेणी घालताना ती तिला सांगायला लागली. ओवीला शेंगदाणे देऊ नकोस, तिच्या अंगावर उठतं. लसींची वही बेडखालच्या पेटीत आहे. गॅस बंद केलास की खालचं बटणही बंद करायचं. पूर्वा आठ वर्षांची. ती हूं हूं करत होती. मग तिनं मान वळवून विचारलं, "आई, तू कुठं चाललीस का?"

विनिताच्या हातातली फणी थांबली. आपण काय करतोय, हे तिला तेव्हा कळलं. आपण आपल्या पोरीला आपल्याशिवाय जगायला शिकवतोय.

*

सोमवारी सकाळी गाडी दारात लागली. रंगूबाईंनी हिरवी साडी नेसली होती. ओटीचं ताट तयार होतं: खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं, हिरव्या बांगड्या. मुलींच्या वेण्यांना झेंडूची फुलं होती. कुणाल गाडीला हार घालत होता.

"गोळी दे गो," रंगूबाई म्हणाल्या. "वाटंत चक्कर नको."

विनितानं नेहमीच्या डबीतून साखरेची गोळी काढली, पेल्यात पाणी दिलं. रंगूबाईंनी देवीकडं बघून गोळी गिळली आणि पेला परत दिला.

"आई, तुमचा पण उपवास आहे ना?"

"मग? देवीला ठाऊक हाय ना, मना साखर हाय."

"तिला ठाऊक असतं?"

"सगला ठाऊक असते तिला. असा काय विचारतंस?"

विनिता पेला घेऊन तशीच उभी राहिली. मग आत गेली आणि साबुदाण्याचा डबा घेऊन आली. देवघराच्या उंबऱ्याशी बसून तिनं तो परातीत उपडा केला. थोडा साबुदाणा फरशीवर घरंगळला आणि परातीतल्या ढिगावर पाकीट पडलं.

"ही माझी गोळी, आई," ती म्हणाली. "मूल राहू नये म्हणून घ्यायची. ज्येष्ठापासून घेते. उपवासाला घेत नव्हते, म्हणून दिवस गेले. देवीनं दिलं नाही हे. माझी चूक झाली, म्हणून झालं."

रंगूबाईंनी पाकिटाकडं पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण गोळ्यांच्या रिकाम्या आणि भरल्या घरांकडं त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"मना चोरून," त्या म्हणाल्या.

"हो."

"माझ्या घरात. देवाच्या खोलीशी."

"हो. पण आई, ओवीच्या वेळेला मी मेलेच असते. तुम्ही बाहेर होतात. तुम्ही रक्त बघितलंत. या खेपेला मी वाचणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. आज शेवटचा दिवस आहे. मला जायला हवं."

कुणाल दारात येऊन उभा राहिला होता. हाराचा दोरा अजून त्याच्या हातात होता.

"घट बसलेले हायेत घरात," रंगूबाई म्हणाल्या.  "तू ते करून या घरात येशील?"

"नाही येणार," विनिता म्हणाली. "दसऱ्यापर्यंत नाही येणार. तुमच्या घटाला माझा विटाळ लागू देणार नाही. जैनबभाभीकडं राहीन."

"त्यांच्या घरी? नवरात्रात?"

"तिथं घट नाहीत."

 ओवी खाली बसून साबुदाण्याचे दाणे एकेक करून वेचायला लागली. रंगूबाई उठल्या, ओटीचं ताट दोन्ही हातांत घेतलं, सुनेला पदर लागू न देता निघून गेल्या आणि गाडीत बसल्या. मुलींना हाका मारल्या. कुणाल थांबला. 

"आईला एकटं कसं सोडू," तो शेवटी म्हणाला.

"जा तुम्ही," विनिता म्हणाली. "जाताना समईत तेल घालून जा. मी आता हात लावत नाही."

त्यानं तेल घातलं. थोडं फरशीवर सांडलं. मग गाडी गेली. मागच्या दारात जैनब उभी होती, कधीपासून कोण जाणे.

*

दवाखान्यात विनितानं या वेळी सही केली. सिस्टरनं स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं. गोळी एवढीशी होती, साबुदाण्याहून थोडी मोठी. विनितानं ती तळहातावर घेतली, डोळे मिटले. मनात मागायचं असं काही उरलंच नव्हतं. आई, बघ, एवढंच ती म्हणाली आणि गोळी गिळली. इतक्या वर्षांत उपवासाच्या दिवशी तिनं घेतलेली ती पहिली गोळी.

जैनबच्या घरी आतली खोली तिला दिली होती. अंथरुणावर नवी चादर होती, घडीच्या रेषा न मोडलेली. इथं लुमांचा आवाज भिंतीतून नाही, पायांखालून यायचा.

"केळी आणलीत," जैनब दारातूनच म्हणाली. "उपवासात केळ्याला काही नाही ना? मी सोलत नाही, तूच सोल. ताटली नवीन आहे."

विनिताला रडू आलं ते तेव्हा.

संध्याकाळी फोन वाजला. कुणालचा नंबर होता, पण आवाज पूर्वाचा.

"आई, आम्ही येतोय. गाडीतच आहे."

"दर्शन झालं?"

"आमचं झालं. माझं, ओवीचं आणि बाबांचं. आजी वर आलीच नाही." पूर्वानं आवाज खाली आणला. "पायऱ्यांशी बसून राहिली ताट घेऊन. बाबांनी किती सांगितलं. म्हणाली, काय सांगू देवीला, मना सुचत न्हाय. ताट परत आणलंय. आता झोपल्यासारखी करतेय, पण झोपली नाही."

विनितानं फोन कानाशी धरून ठेवला. परवा बाकीच्या गोळ्या होत्या. त्यानंतर काय होईल, रक्त किती जाईल, थांबेल की नाही, दसऱ्याला त्या दारात आपल्याला कुणी घेईल की नाही, यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकते. घटाला पाणी राहिलंय आजचं. घरी गेल्यावर हात पाय धुऊन तू घाल."

"मी? आजी रागवेल."

"नाही रागवणार. नाहीतर आजीला विचारून घाल."

 पूर्वानं पलीकडं काहीतरी विचारलं असावं. मग गाडीच्या घरघरीत रंगूबाईंचा आवाज ऐकू आला, लांबून, कुणाशी बोलतायत ते न कळण्यासारखा.

"आजी काय म्हणाली?"

"म्हणाली, ओंजलभरच घाल. जास्त घातलास तर कुजेल."

"बरोबर आहे," विनिता म्हणाली. "ओंजळभरच."